ययातीतली दीर्घिका आणि न जन्मलेले तारे



२०१९ च्या एप्रिलमध्ये एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापून आली आणि कृष्णविवर हा शब्द घरोघरी पोचला. जवळ येईल ते गिळणारा राक्षस, अशी त्याची ओळख शाळकरी मुलांनाही झाली. त्याच राक्षसाच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल मला आज बोलायचे आहे. ज्या दीर्घिकेच्या पोटात तो बसलेला असतो, तिथे नवे तारे जन्मावेत की नाही, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो.

तारा वायूपासून होतो, हे आपण सगळे जाणतो. पण नुसता वायू असून भागत नाही, तो थंड असावा लागतो. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाजवळ तारे तयार होत आहेत, तिथल्या घट्ट ढगांचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या गारठ्यात वायूचा दाब इतका कमी होतो की त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते आणि ढग आत कोसळू लागतो. वायू तापलेला असेल, तर त्याचे कण सैरावैरा धावतात आणि गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाहीत. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाकाठी साधारण एक ते दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे तयार होतात. म्हणून एखाद्या दीर्घिकेपाशी वायू किती आहे, एवढे विचारून थांबू नये. तो थंड होऊ शकतो का, आणि होत नसेल तर त्याला कोण तापवत ठेवते, हे विचारायला हवे. माझे आजचे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

यासाठी ययाती तारकासमूहात जाऊ. तिथे सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे आणि त्याच्या मध्यभागी एनजीसी १२७५ ही अवाढव्य दीर्घिका. समूहातल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही, ती कित्येक कोटी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरली आहे. समूहातल्या सगळ्या ताऱ्यांचे वस्तुमान एकत्र केले, तरी हा वायू त्याच्या कितीतरी पट भरेल. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो क्ष-किरणांत चमकतो, आणि ते पाहायला वातावरणाच्या वर दुर्बीण पाठवावी लागते.

आता अडचण अशी की जो चमकतो, तो ऊर्जा गमावतो. समूहाच्या गाभ्यात वायू दाट आहे, त्यामुळे तिथली उष्णता झपाट्याने निघून जाते. हिशेब केला, तर गाभ्यातला वायू १०० कोटी वर्षांच्या आतच थंड व्हायला हवा, आणि समूहाचे वय त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे दरवर्षी काही शे सूर्य होतील इतका वायू थंड होऊन एनजीसी १२७५ वर कोसळायला हवा होता आणि तिथे ताऱ्यांचे पीक यायला हवे होते. प्रत्यक्षात तिथे तारे होतात ते या अपेक्षेच्या एका लहानशा हिश्श्याएवढे. २००१ च्या सुमारास एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय दुर्बिणीने अशा अनेक समूहांच्या क्ष-किरणांचा वर्णपट तपासला. निवत चाललेल्या वायूची जी खूण तिथे ठळक दिसायला हवी होती, ती जवळजवळ नव्हतीच. वायू काही अंशी निवतो आणि मग थांबतो. कोणीतरी त्याला पुन्हा ऊब देत होते.

कोण, याचा सुगावा १९९३ मध्येच लागला होता. रोसॅट या उपग्रहाने घेतलेल्या चित्रात एनजीसी १२७५ च्या दोन बाजूंना क्ष-किरणांचा उजेड कमी असलेली दोन भगदाडे दिसली होती. रेडिओ दुर्बिणींनी पाहिले, तर नेमकी तीच जागा रेडिओ लहरींनी भरलेली. केंद्रातल्या कृष्णविवरापासून दोन विरुद्ध दिशांना प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करू पाहणाऱ्या कणांचे झोत निघतात. ते गरम वायूला बाजूला सारून पोकळ्या करतात. या पोकळ्यांना शास्त्रज्ञ बुडबुडे म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे, कारण आतला माल हलका असल्यामुळे ते वर सरकत जातात.

१९९९ मध्ये चंद्रा ही दुर्बीण अवकाशात गेली. केंब्रिजचे अँड्र्यू फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ५३ तास ययाती समूहावर रोखून धरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रात बुडबुड्यांच्या भोवती एकाबाहेर एक अशी वलये दिसली. या ध्वनिलहरी आहेत, वायूतले दाबाचे चढउतार. एका लाटेमागून दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. पेटीवर ज्याला आपण काळी पाच म्हणतो तोच हा स्वर, पण मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तके खाली. ही आकाशातली गंमत म्हणून वाचून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ध्वनी जिथून जातो, तिथे विरताना उष्णता सोडतो, आणि ती उष्णता गाभ्याचा तोटा भरून काढायला पुरेशी ठरू शकते.

यावर वाद मात्र संपलेला नाही. ध्वनी जास्त तापवतो, की बुडबुड्यांमुळे उठलेली खळबळ, की दोन्ही? २०१६ च्या फेब्रुवारीत जपानने हितोमी उपग्रह सोडला. मार्चच्या अखेरीस त्याच्याशी संपर्क तुटला आणि तो गेला. पण त्याआधी त्याने ययाती समूहाकडे पाहून घेतले होते. तिथल्या वायूची खळबळ त्याने मोजली, ती सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर भरली. एवढी भगदाडे पडली असताना वायू इतका शांत असेल, असे फारसे कोणाला वाटले नव्हते. महिन्याभराच्या आयुष्यात त्या उपग्रहाने जे दिले, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का ऊर्जेत उतरतो. कृष्णविवराकडे सर्पिल मार्गाने ओढला जाणारा वायू १० टक्क्यांच्या घरात ऊर्जा सोडू शकतो. म्हणूनच दीर्घिकेच्या ताऱ्यांच्या तुलनेत वस्तुमानाने हजारात काही भाग असलेले कृष्णविवर सगळ्या दीर्घिकेतला वायू उधळून लावू शकेल इतकी ऊर्जा बाळगून असते. जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्ये याच हिशेबावर आपला युक्तिवाद उभा केला. दोनच वर्षांनी दोन गटांनी दाखवून दिले की दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्यातल्या ताऱ्यांचा वेग आणि कृष्णविवराचे वस्तुमान यांचे घट्ट नाते आहे. एकमेकांपासून इतकी दूर असलेली ही दोन्ही एकमेकांच्या हिशेबाने वाढली असावीत.

पण कधी तापवायचे आणि कधी थांबायचे, हे कृष्णविवराला कसे कळते? गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वर आले की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो, पातळी उतरली की नळ उघडतो. त्याला कोणी सांगत नाही, पाणीच सांगते. इथे ते काम थंड वायू करतो. वायू निवला की त्याचे ढग केंद्राकडे पडतात, कृष्णविवराला खाद्य मिळते, झोत सुटतात, वायू तापतो, ढग पडायचे थांबतात, झोत मंदावतात, आणि मग वायू पुन्हा निवू लागतो. यालाच प्रतिपोषण म्हणतात.

हे चक्र कागदावर सुबक दिसते. २०१६ मध्ये ते प्रत्यक्ष दिसले. चिलीच्या आटाकामा वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणीने कुंभ राशीतला, सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एबेल २५९७ हा समूह पाहिला. तिथल्या मधल्या दीर्घिकेत थंड वायूचे तीन ढग कृष्णविवराच्या दिशेने पडताना सापडले, केंद्रापासून अवघ्या काही शे प्रकाशवर्षांवर, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने. त्यांतल्या प्रत्येकात दहा लाख सूर्यांइतका माल असावा. पुढे त्याच दीर्घिकेत झोतांबरोबर वर उचलला गेलेला वायूही दिसला.

चक्र बिघडले, तर काय होते, तेही आपण पाहू शकतो. ५७० कोटी प्रकाशवर्षांवरच्या फिनिक्स समूहातल्या मध्यवर्ती दीर्घिकेत वर्षाला ५०० सूर्यांहून अधिक तारे होत असल्याचे मोजले गेले आहे. तिथले कृष्णविवर झोत सोडते, पण वायूला आवर घालायला ते अपुरे पडते. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने तिथे अधल्यामधल्या तापमानाचा, निवत चाललेला वायू नकाशावर आणला. इतर समूहांत जो सापडत नव्हता, तोच हा.

इथे कोणी म्हणेल की कृष्णविवर ताऱ्यांचा वैरी आहे. ते खरे नाही. तिमिंगल तारकासमूहात एनजीसी ५४१ या दीर्घिकेचा झोत जिथे वायूच्या ढगावर आदळतो, तिथे मिंकोव्स्कीची वस्तू म्हणून ओळखला जाणारा एक निळा ठिपका आहे. तिथले तारे एक कोटी वर्षांहून कमी वयाचे आहेत. झोताने वायू दाबला, दाबामुळे तो लवकर निवला आणि तारे जन्मले. एनजीसी १२७५ च्या भोवती हजारो प्रकाशवर्षे पसरलेले थंड वायूचे तंतू आहेत, आणि बाहेरच्या काही तंतूंत कोवळे निळे तारे दिसतात. बहुतेक तंतू मात्र वांझ आहेत, चुंबकीय क्षेत्राने सावरून धरलेले. एकाच दीर्घिकेत एकच कृष्णविवर दोन्ही करते.

क्वेसारांच्या, म्हणजे वायू गिळताना लख्ख उजळलेल्या कृष्णविवरांच्या बाबतीत तर निकाल देताना मी अधिकच जपून बोलेन. सप्तर्षींच्या दिशेला सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवरच्या मार्केरियन २३१ या क्वेसारातून वर्षाला शेकडो सूर्यांचा रेण्वीय वायू बाहेर फेकला जातो, हे २०१० पासून माहीत आहे. तरीही तिथे आज तारेनिर्मिती जोरात चालू आहे, आणि जवळच्या अनेक सक्रिय दीर्घिका वायूने समृद्ध आहेत. कारण कृष्णविवर लाखभर वर्षांत भडकते आणि विझते, ताऱ्यांच्या निर्मितीला कोट्यवधी वर्षे लागतात. भडकण्याच्या क्षणी परिणाम शोधणे म्हणजे चुकीच्या वेळी पाहणे. माझे मत असे की दीर्घिकांची तारेनिर्मिती एका तडाख्यात क्वचितच संपते. वर्षानुवर्षे थंडी न पडू देणारी मंद आच जास्त परिणाम करते.

शेवटची गोष्ट आपल्या जवळची. भुजंगधारी समूहात, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, केंद्रातल्या कृष्णविवराच्या एका जुन्या स्फोटाने गरम वायूत इतकी मोठी पोकळी केली की तिच्यात १५ आकाशगंगा ओळीने मावतील. २०२० मध्ये ही पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली आहे, हे दाखवताना चंद्रा आणि इतर दुर्बिणींबरोबर जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे कामी आली. जुने कण थकले की ते फक्त कमी वारंवारतेवर बोलतात, आणि तिथेच खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या या ३० डिशांची ताकद आहे. प्रत्येक डिश ४५ मीटरची, पृष्ठभाग घन पत्र्याचा नाही, ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या बारीक पोलादी तारेच्या जाळीचा. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून रचना हलकी राहते आणि स्वस्तही पडते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जा, ती जाळी जवळून पाहा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना निःसंकोच प्रश्न विचारा.