गाडी तेल पिते तेव्हा

बडोद्याच्या जुन्या शहरात चारही दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीपाशी येऊन मिळतात. संध्याकाळी लहरीपुऱ्याकडून त्या बाजूला मोटार घेऊन निघावे, तर चालण्यापेक्षा थांबणेच अधिक घडते. अशाच एका संध्याकाळी मागच्या रिक्षावाल्याने माझ्या शेजारी येऊन बजावले, “साहेब, तुमची गाडी निघताना निळा धूर सोडते आहे.”

मला ही बातमी अगदीच नवी होती असे नव्हे. माझी पेट्रोलची गाडी चौदा वर्षांची. गेले काही महिने ती वारंवार इंजिन ऑइल मागत होती आणि मी निमूटपणे ओतीत होतो. नाताळ तोंडावर आला होता आणि वसईला, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, सहकुटुंब जावयाचे होते. एका गॅरेजमध्ये गाडी दाखविली. तेथे बॉनेट उघडण्यापूर्वीच निकाल मिळाला: “रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करावे लागेल.” सांगितलेला खर्च माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. मी जवळजवळ होकार दिलाच होता. तो का दिला नाही आणि त्यातून काय शिकलो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम, जास्त तेल म्हणजे किती? सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहावाच लागतो आणि त्यातील थोडेसे जळतेच. काही कारखानदार हजार किलोमीटरमागे एक लिटरपर्यंतचा खपही चालण्याजोगा मानतात. तथापि, आपल्या गाडीची पूर्वीची सवय हेच खरे माप होय. काल एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत पुरणारे तेल आज मध्येच संपू लागले, तर काही बिघडले आहे हे उघड आहे.

म्हणून आधी मोजमाप करावे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व पाहावी. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. खुणेच्या वर मात्र भरू नये. अतिरिक्त तेल फिरत्या क्रँकने घुसळले जाऊन फेसाळते व ब्रीदरवाटे जाऊन जळते.

तेल जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन: एक तर ते गळते, नाही तर जळते. गळती पाहण्यासाठी रात्री गाडीखाली वाचून झालेले वर्तमानपत्र पसरावे. सकाळी डाग जेथे असेल, त्याच्या वर शोध घ्यावा. टॅपेट कव्हरचे गास्केट, तेल सोडण्याचा बोल्ट, ऑइल फिल्टर आणि क्रँकची सीले ही नेहमीची ठिकाणे होत. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग अथवा दुधाळपणा दिसल्यास मात्र गाडी चालवूच नये.

गळती नसेल, तर धुराकडे वळावे. काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर धूर तेलाचा. पण तो केव्हा येतो, हा खरा प्रश्न आहे. चढावर किंवा जोर देताना सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. सकाळी पहिल्या स्टार्टला, अथवा बराच वेळ उभ्या जागी इंजिन चालू राहून गाडी पुढे निघताच एक लोट येत असेल, तर व्हॉल्व्हची सीले झिजलेली असण्याचा संभव अधिक. इंजिन मंद चालत असता हवा आत घेणाऱ्या नळीत मोठी ओढ निर्माण होते आणि कडक झालेल्या रबरी सीलातून तेल आत खेचले जाते. मांडवीच्या गर्दीने माझ्या गाडीचे निदान एका अर्थी आधीच केले होते!

मी दुसऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. नंतर प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने दाब पुष्कळ वाढला, तर रिंगा झिजल्या असे समजावे, कारण तेल ती फट तात्पुरती बुजविते. माझ्या गाडीत आकडे चांगले व सारखे होते आणि दुसऱ्या वेळी ते फारसे वाढले नाहीत. रिंगा शाबूत होत्या! त्यांनी प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह जागीच धरून ठेवले आणि हेड न उतरविता सीले बदलली. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटला होता, तोही बदलला. तो चिकटला म्हणजे इंजिनच्या पोटातील वायू कोंडतो आणि तेलाला नको त्या वाटेने ढकलतो. एकूण खर्च पहिल्या अंदाजाच्या दशांशाहूनही कमी आला. वसईहून परतल्यावर डिपस्टिक पाहिली, तेलाची पातळी जेमतेम हलली होती.

रिंगाच झिजल्या असतील, तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही, हेही खरे. त्याऐवजी दाट तेल घालणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे होय. नव्या इंजिनांच्या अरुंद तेलवाटांना तर ते अपायकारकही ठरते. आणि नुसते ओतीत राहणे, जे मी महिनोन्‌महिने केले, तेही बरे नव्हे. जळालेल्या तेलातील फॉस्फरसने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो. समोरच्या लाल दिव्यावर विसंबणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, बहुतेक गाड्यांत तो तेलाची पातळी नव्हे, तर दाब दाखवितो. तो लागेपर्यंत बेअरिंगांना इजा पोहोचलेली असू शकते.

तेव्हा इंजिन उतरविण्यास संमती देण्यापूर्वी दोन आकडे मागावेत: किती किलोमीटरला किती तेल गेले, आणि कॉम्प्रेशन कोरडे किती व तेल सोडल्यावर किती. पहिला आकडा आपण स्वतः ठेवावयाचा आहे, दुसरा कारागिराने द्यावयाचा आहे. हे दोन्ही हाती नसता कोणी खर्चाचा आकडा सांगू लागला, तर त्याचे आभार मानून गाडी घरी आणावी.