ठरावाच्या विरोधात



अध्यक्षानं आभार मानावेत आणि गोड बोलावं, असा संकेत आहे. आभार मानतो. गोड बोलणं जमेलसं वाटत नाही.

सकाळपासून या ख्रिस्ती मेळाव्याच्या मंचावर ‘आपण सगळे ख्रिस्तात एकच’ हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. मग दुपारी पंगतीत बसलो. कॅथलिक एका कडेला, उत्तर भारताच्या मंडळीचे म्हणजे सीएनआयवाले दुसऱ्या, नव्या फेलोशिपमधली तरुण मंडळी पार दाराशी. कढई एक, जेवणाआधीच्या प्रार्थना तीन. आणि आता माझ्यापुढे ठराव आलाय : सिद्धांतांच्या मतभेदांवर या व्यासपीठावर चर्चा करू नये. मी या ठरावाच्या विरोधात उभा आहे.

माझी आत्या गेली तेव्हा तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला भाचा, माझा चुलतभाऊ, दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. आत मेणबत्त्या लावल्या होत्या आणि त्याच्या मंडळीला मेणबत्ती चालत नाही. आतल्या एका वडीलधाऱ्यानं फाटकापर्यंत जाऊन त्याला विचारलं, ‘तू नक्की ख्रिस्ती तरी आहेस का?’ सगळे पांगल्यावर तो आत आला आणि एकट्यानं मूठभर माती टाकून गेला. मेणबत्तीचा विषय आमच्या घरात त्याआधी वीस वर्षं कोणी काढला नव्हता. न बोलण्यानं एकी टिकते म्हणणाऱ्यांनी ते फाटक बघून यावं.

वाद घालूनही श्रद्धा टिकते, याचा दाखला हवा तर आता पुण्याचंच बोलू. पंचहौद मिशन म्हटलं की पुणेकराला 1890 चा मिशनऱ्यांकडचा चहा आठवतो. तो घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांवर उठलेलं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, आठवतं. त्याच पंचहौदाशी जोडलेले नीलकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे आपल्यालाही आठवत नाहीत, मग इतरांना काय बोल लावायचा! 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा पंडित पुढे आयुष्यभर शंकांशी झगडला. त्यांच्याच युक्तिवादानं पंडिता रमाबाई ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्यावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्याचा सिद्धांत मांडणारा अथनेशियसचा मतांगीकार जसाच्या तसा गळी उतरेना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलं, ही गर्विष्ठ आहे. बाई मांस खाईनात, तर त्यातही जातीचा ताठा दिसला. क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असंही रमाबाईंनी विचारलं. मला तर या दोघींमधला हा सगळा पत्रव्यवहार मराठी ख्रिस्ती माणसाच्या स्वाभिमानाचा पहिला दस्तऐवज वाटतो. तुम्हाला उद्धटपणा वाटत असेल, तर तसं इथं येऊन सांगा.

रमाबाई पुण्यात परतल्यावर काय झालं? त्यांची मुलींसाठीची संस्था, शारदासदन, मुलींना बाटवते म्हणून ‘केसरी’ तुटून पडला. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं. उलट काही ख्रिस्ती मंडळींची तक्रार अशी, की या संस्थेत धर्म पुरेसा शिकवला जात नाही. दोन्ही बाजूंच्या दप्तरांत बाई नापास! त्याच बाईनं दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि 1922 मध्ये मरेपर्यंत त्याची मुद्रितं तपासली. वाद केला म्हणून तिची श्रद्धा अर्धी राहिली का? संपूर्ण मनानं विश्वास ठेवणारा माणूस संपूर्ण मनानं भांडतोही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचंही तेच. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. आज आपल्यापैकी किती मंडळ्या टिळकांना सभासद करून घेतील? त्यांची गीतं मात्र दर रविवारी गातो.

मतभेदांतून वाट निघतच नाही, असंही नाही. 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि कळत्या वयातच बाप्तिस्मा हवा म्हणणारेही. त्यांनी हा विषय टाळला नाही. वर्षानुवर्षं घासाघीस केली आणि दोन्ही रीती मान्य केल्या. कोणाचंच समाधान पूर्ण झालं नसेल. तरी ते एका मेजाभोवती आले.

एक गोष्ट मात्र सांगतोच. शिंपडून की बुडवून, यावर आपण तासन्‌तास तावातावानं बोलतो. लग्नं जुळवताना जात बघतो, तेव्हा एकाही मंडळीला सिद्धांत आठवत नाही. तिथं कॅथलिक-प्रोटेस्टंट खरोखरच एक आहेत! टाळ्या नकोत, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरच्या पत्रिका माझ्याकडे आल्या आहेत.

तेव्हा ठराव मागे घ्या. पुढच्या वर्षीचं पहिलं सत्र बाप्तिस्म्यावर ठेवा, दुसरं मेणबत्तीवर. माझ्या चुलतभावाला मी स्वतः घेऊन येईन. त्याचं म्हणणं मला पटत नाही, पटेलसंही दिसत नाही. पण ते मला फाटकाच्या आत, माईकसमोर, त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.