पंप खुंटीला टांगण्याआधी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर मघाशी बोलून झालं. मी बोलणार आहे फवारणी पंपाच्या बॅटरीवर. विषय लहान वाटेल, पण खिशाला भोक पाडणारा आहे.

मी कृषीचा पदवीधर. तरी एका वर्षी शेवटची फवारणी झाल्यावर पंप तसाच टिनाच्या खोलीत टांगला. जुलैत पऱ्हाटीवर तुडतुडे दिसले, बटण दाबलं, तर मोटर हूं की चूं करीना. रात्रभर चार्जरला लावला, तरी दोन टाक्यांत बसला. नवी बॅटरी आणेपर्यंत चार दिवस गेले. तुडतुडे माझ्यासाठी थांबले नाहीत.

असं का होतं? आपल्या बहुतेक पंपांत १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. कणगीतली ज्वारी कोणी न काढताही सोंडे खातात, तशी ही बॅटरी न वापरताही उतरते. २५ अंशाला महिन्याला साधारण ३ टक्के. उष्णता १० अंशांनी वाढली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात टिनाखाली काय होत असेल, हिशेब तुम्हीच करा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. मग ती चार्ज घेत नाही.

म्हणून हंगाम संपला की चार कामं करा.

एक, बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवा.

दोन, बटण बंद करा आणि बॅटरीची एक तार काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी लावा. जोडलेल्या तारेतून थोडी थोडी वीज गळू शकते.

तीन, टिनाखाली ठेवू नका. मातीच्या भिंतीची थंड, कोरडी खोली चांगली. जमिनीवर ठेवल्यानं बॅटरी उतरते म्हणतात, पण आजच्या प्लास्टिकच्या पेटीला ते लागू नाही.

चार, हिवाळ्यात दोन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात दर महिन्याला चार्ज करा. अमावास्या लक्षात राहते, तोच दिवस धरा. मीटर असेल तर चार्जर काढून रात्रभर थांबा, मग मोजा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्जरला लावा.

रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची बॅटरी शिशाची असेल तर तिलाही हेच. लिथियमच्या बॅटरीचा न्याय मात्र वेगळा. ती निम्मी भरून ठेवावी. टॉर्च महिनोन् महिने लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून टॉर्चच खातात.

मेलेली बॅटरी फोडू नका. शिसं विषारी, आम्ल जाळणारं. ती दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे.

भावांनो, आज लागणारी फवारणी चार दिवसांनी करून पीक वाचत नाही. घरी गेल्यावर आधी पंप खाली उतरवा आणि चार्जरला लावा. बाकीच्या गप्पा मग.