दावा आणि कविता



कवी कविता का लिहितो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी मेहकरला वकिली केली आणि तेथेच कविताही लिहिली. दावे, कैफियती ज्या हाताने लिहिल्या, त्याच हाताने 'शीळ'ही लिहिली. दोन प्रकारच्या लेखनांतील फरक म्हणूनच येथे स्पष्ट दिसतो.

दाव्याला कोणाला तरी पटवावयाचे असते. घटना, तारखा, पुरावा आणि शेवटी मागणी, असा त्याचा क्रम. शब्द बदलले तरी मुद्दा कायम राहिला म्हणजे त्याचे काम भागते. निकाल लागला की कागद दप्तरात जातो. पक्षाचे पत्रक आणि सभेचा ठराव हेही याच जातीचे लेखन होय. त्यात कमीपणा मुळीच नाही. शेतमजुराची मजुरी पत्रकाने आणि लढ्याने वाढते, कवितेने नव्हे.

'शीळ'मध्ये प्रियकराची शीळ ऐकून व्याकूळ झालेली ग्रामीण स्त्री बोलते. तिची तक्रार कोणत्याही न्यायालयात दाखल होणारी नाही. तिचा आशय गद्यात एका वाक्यात सांगता येईल. पण लय आणि बोली गेली की ती स्त्रीच नाहीशी होते. जी. एन. जोशी यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकेने हे गीत लोकप्रिय झाले, त्यानंतर कित्येक वर्षांनी, १९५४ साली, 'शीळ' हा संग्रह निघाला. 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ साली, कवीने पंचाहत्तरी ओलांडल्यावर. मानासाठी लिहिणारा इतका काळ थांबत नाही.

मग आजच्या दुःखाशी कवितेचा संबंध काय? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले. त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येची शासकीय नोंद 'पात्र' किंवा 'अपात्र' अशी होते. हा निर्णय न्याय्य व्हावा म्हणून अर्ज, मोर्चे, आकडेवारी सारे हवे. परंतु मागे राहिलेल्या बाईची संध्याकाळ कशी जाते, याला त्या नमुन्यात रकाना नाही. जे कोणत्याही रकान्यात बसत नाही, ते बोलले जावे म्हणून कवी लिहितो.

तेव्हा चळवळीने कवीकडे यमक जुळवलेले पत्रक मागू नये. आणि कविता लिहिली, एवढ्यावर कवीनेही अर्जावर सही करण्यातून सुटका मागू नये.