कंडरांच्या आवरणातला पू

बोटे मिटवणाऱ्या कंडरा तळहातापासून बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत एका अरुंद आवरणातून सरकतात. आतला बुळबुळीत द्रव घर्षण टाळतो आणि कंडरेचे पोषणही करतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्या तुटपुंज्या असतात. जंतू आत शिरले की त्यांना या द्रवात आयते खाद्य मिळते. पू साचून दाब वाढला की उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. कंडरा मरते किंवा आवरणाला चिकटून बसते. जीव क्वचितच जातो, बोट मात्र कामातून जाते. या आजाराचे निदान डोळ्यांनी आणि बोटांनी होते, आणि तरीही पुष्कळदा उशिरा होते.

सुरुवात क्षुल्लक असते: बाभळीचा काटा, सुई, मासळी साफ करताना लागलेली टोच, मांजराचा चावा. बहुतेकदा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाच निघतो. मांजर चावले असल्यास पाश्चुरेला संभवतो. मधुमेह्यांत आजार झपाट्याने चिघळतो.

शिकागोचे शल्यचिकित्सक ॲलन कॅनाव्हेल यांचा हाताच्या जंतुसंसर्गावरील ग्रंथ १९१२ मध्ये, म्हणजे प्रतिजैविके येण्यापूर्वी, प्रसिद्ध झाला. शवांच्या हातांत द्रव्ये टोचून पू कोणत्या वाटेने पसरेल, हे त्यांनी शोधले होते. त्यांच्या नावाची चार लक्षणे आजही पुरतात: बोट किंचित वाकलेले राहते, सबंध बोट फुगते, आवरणाच्या रेषेवर दाबले की दुखते आणि बोट दुसऱ्याने सरळ करताच रुग्ण कळवळतो. हे शेवटचे लक्षण बहुधा सर्वांत आधी दिसते. नखुरड्यात किंवा पेराच्या गळवात दुखणे एका जागी राहते. येथे ते आवरणाच्या वाटेने तळहातापर्यंत जाते. एक्स-रे काढावा तो आत काही रुतले आहे का, हाड पोखरले आहे का, एवढ्यासाठीच.

करंगळीचे आणि अंगठ्याचे आवरण मनगटापर्यंत पोहोचते आणि अनेकांत तिथे दोहोंचा संबंध असतो. म्हणून करंगळीतला पू अंगठ्यात उतरून घोड्याच्या नालेसारखे गळू होते, आणि पू मनगट ओलांडून प्रबाहूतील पॅरोनाच्या पोकळीत शिरतो.

पहिल्या दिवसातच आलेल्या सौम्य रुग्णाला शिरेतून प्रतिजैविके द्यावीत, हात उंच ठेवून स्प्लिंट बांधावा आणि वारंवार तपासावे. बारा ते चोवीस तासांत उतार नसेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. आवरणाच्या दोन्ही टोकांना छोटे छेद घेऊन ते सलाइनने धुतात. पू घट्ट असेल किंवा कंडरा सडू लागली असेल तर मोकळा छेद लागतो. शस्त्रक्रियेनंतर बोट लवकर हलवले नाही, तर धुतलेले आवरणही आखडते.

सावकाश, महिनोन्‌महिने वाढणारी, फारशी न दुखणारी मनगटाची सूज मात्र वेगळीच. भारतात तिथे आधी क्षयाचा विचार करावा; उघडल्यावर तांदळाच्या दाण्यांसारखे कण सापडतात. कोळी आणि मत्स्यालय हाताळणारे यांच्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम आढळतो. तो शरीराच्या तापमानापेक्षा कमी, सुमारे ३० अंश सेल्सिअसला चांगला वाढतो. नमुना पाठवताना प्रयोगशाळेला ही शंका कळवली नाही, तर नेहमीच्या संवर्धनात तो निसटू शकतो.