फळीवरची आगगाडी

पुण्यात १९९८ साली उघडलेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात आगगाड्यांचे अख्खे शहर एका जागी मांडले आहे. अंधेरी-मुलुंडच्या दोन खोल्यांत तेवढी जागा कुठली? तेव्हा प्रत्येकाने एकेक फळी करावी, आणि सुटीच्या दिवशी सगळ्यांनी त्या एकत्र जोडाव्यात. फळीच्या मधे घाट करा, नाहीतर घाटकोपरचा फलाट. तिथे तुम्ही राजे. टोकांची उंची आणि रुळांची जागा मात्र ठरल्याबरहुकूमच हवी. जरा फरक पडला, की गाडी सांध्यावर घसरते आणि दोष कुणाच्या फळीचा यावर वाद रंगतो!

गुरुजी, मुलांना एक हिशेब घाला. ‘एचओ’ मापात सारे ८७ पटींनी लहान. आपला रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. भागाकार सव्वाएकोणीस येतो. बाजारचे रूळ मात्र साडेसोळाचे, कारण ते माप युरोपातल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून घेतलेले आहे.