भिंतीवर नसलेली माणसं

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८०३ साली कोरून घेतला. दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजे असे आठवणीत राहिले. पण कारकून, आचारी, कीर्तनकार, घर सांभाळणाऱ्या बायका यांचं काय?

१८५५ साली दुसरे शिवाजी राजे वारले, राज्य गेलं. माणसं मात्र तिथंच राहिली. बाहेर तमिळ, घरात मराठी बोलत. त्यांचं आयुष्य कुठल्याच भिंतीवर नाही. श्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावं घेतो. चौथं नाव गळतं. आणि घेतलेल्या नावामागचं माणूस तरी कुठं कळतं?

म्हणून मी सांगतो, तुम्ही बंगळुरूत असा की बडोद्यात, घरातल्या थोरांजवळ बसा. गेलेल्या प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा: काम काय, हातची चव कुठली, तोंडचा शब्द कुठला. तो शब्द पुण्याच्या मराठीत सुधारू नका. आजी गेली की तिच्यासोबत तिची बोलीही जाते. निदान तिचा एक शब्द तरी तिच्या नावाशेजारी राहू द्या.